पाव ग्रॅम केसांचा रिपोर्ट

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांमध्ये माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले, तेव्हा शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावातही बायका-माणसे अंघोळीनंतर कंगवा उजेडात धरून पाहू लागली. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकाने येऊन पाण्याचे, रक्ताचे आणि केसांचे नमुने नेले, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही हे मूलद्रव्य कितीतरी पटींनी वाढलेले त्यांना आढळले होते. रक्तासारखाच केसही प्रयोगशाळेत पाठवता येतो, ही गोष्ट आमच्याकडच्या घराघरांत पोहोचली ती तेव्हा.

माझे केस त्या प्रकारात गेले नव्हते. ते त्याआधीपासूनच हळूहळू विरळ होत होते, आणि त्याच्या जोडीला जिना चढताना दम लागणे, फळ्यावर लिहिताना हात भरून येणे, दुपारच्या तासाला उभे राहणे नकोसे वाटणे असे सगळे चालले होते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि वय पन्नाशीकडे झुकले आहे, त्यामुळे ‘या वयात होतेच’ हे उत्तर मला सगळीकडून आयते मिळत होते. त्यातच आमचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. येथल्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, आणि किडनीच्या दुखण्याने कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले नाही अशी गल्ली शोधावी लागते. आपल्या शरीरात कोणते क्षार आणि कोणते धातू साचत असतील, हा विचार आमच्याकडे कोणाच्याच डोक्यातून पुरता जात नाही. म्हणूनच, खामगावच्या एका आहारसल्ला केंद्रात केसांवरून खनिजांचे असंतुलन आणि विषारी धातू तपासून मिळतात असे कळल्यावर मी ती तपासणी करून घ्यायचे ठरवले. फी साडेचार हजार रुपये होती. यजमानांनी तेवढ्यात सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅग आली असती असे म्हणून पाहिले, पण अडवले नाही.

नाव नोंदवल्यावर सूचनांचा एक छापील कागद मिळाला, आणि या साऱ्या प्रकारात सर्वांत काळजीपूर्वक तयार केलेली वस्तू तीच होती असे मला आजही वाटते. केसांना रंग किंवा मेंदी लावलेली नसावी. कोंड्यावरचा शाम्पू काही आठवडे आधीपासून बंद ठेवावा, कारण त्यात सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असते आणि त्यातले सेलेनियम व जस्त केसाला बाहेरून चिकटून आकडा फुगवतात. नमुन्याच्या दिवशी केस धुतलेले, कोरडे आणि बिनतेलाचे असावेत. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि प्रयोगशाळेला त्याचा मुळाजवळचा तीनेक सेंटिमीटरचा भाग हवा असतो, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांत तयार झालेला. दर महिन्याला मेंदी लावणाऱ्या बाईला त्यामुळे तेवढे महिने थांबणे भागच असते. ते महिने नेमके लग्नसराईचे आले. पांढरी मुळे आणि कोरडे डोके घेऊन मी मांडवांतून वावरले, आणि आमच्याकडे बिनतेलाचे डोके सहसा सुतकातच दिसत असल्यामुळे सासूबाईंना ते अजिबात रुचले नाही. “डोक्स्याले ना तेल ना मेंदी, असं काऊन करून राह्यली वं?” असे त्या रोज विचारत, आणि तपासणीचे सांगितले की, “केसात काय तपासतेत? डोक्स्यात तपासा म्हना,” असे म्हणून गप्प बसत.

नमुना घेणारा मुलगा हाताचा सावकाश होता. त्याने स्टीलची कात्री स्पिरिटने पुसली, माझे वरचे केस उचलून क्लिपेत अडकवले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या थोडे वर, वेगवेगळ्या जागांवरून बारीक बटा अगदी कातडीलगत कापल्या. एकाच जागेवरून घेतले तर खळगा दिसतो, असे तो कापता कापता सांगत होता. प्रत्येक बटेचे मुळाकडचे टोक त्याने चिमटीत घट्ट धरून ठेवले आणि पुढची सगळी लांबी कापून टाकली, कारण चिमूट एकदा सुटली की कोणते टोक मुळाचे आणि कोणते शेंड्याचे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. मग त्याने घड्या घालून उभा केलेला पुठ्ठ्याचा एक इवलासा तराजू काढला आणि त्याच्या एका बाजूवर केस ठेवत गेला. वजन पुरेसे झाले की ती बाजू खाली टेकते. पाव ग्रॅम केस म्हणजे किती, हे मला तोवर ठाऊक नव्हते. विरळ झालेल्या डोक्यावरून तेवढे जमवताना त्याला पुन्हा पुन्हा कात्री हातात घ्यावी लागली आणि तो पुठ्ठा काही केल्या वाकेना, तेव्हा मला पहिल्यांदा आपले केस किती गेले आहेत याचा खरा अंदाज आला. शेवटी केस कागदी पाकिटात गेले आणि पाकीट कुरिअरच्या थैलीत. सोबतच्या फॉर्मवर वय, वजन, चालू असलेली औषधे, शाम्पूचे नाव असे पुष्कळ रकाने होते. पाण्यासाठी मात्र दोनच चौकटी होत्या, नळाचे की बाटलीचे. मी समासात पेनाने ‘बोअर, खारे’ असे लिहिले.

पुढे प्रयोगशाळेत काय होते ते केंद्रात कोणाला सांगता आले नाही, पण तो भाग रसायनशास्त्राचा असल्याने मी तो स्वतःच वाचून काढला. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि केराटिनमध्ये गंधक भरपूर असते. पारा आणि आर्सेनिक यांना गंधकाची ओढ असते, म्हणून रक्तातून केसाच्या मुळाशी आलेले हे पदार्थ तयार होणाऱ्या केसात बांधले जातात आणि वाढत्या केसाबरोबर बाहेर सरकत राहतात. प्रयोगशाळेत हे केस नायट्रिक आम्लात तापवून पूर्ण विरघळवतात आणि तो द्राव फवाऱ्याच्या रूपात आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, सोडतात. तेथे अणूंचे आयन होतात आणि यंत्र त्यांना वस्तुमानानुसार वेगळे करून मोजते. नववीच्या वर्गात अणुवस्तुमानांक शिकवताना ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या मुलांसाठी मला हे उत्तर फार आवडले. त्यातही एक गंमत आहे. आर्सेनिकचे वस्तुमान ७५, आणि आर्गॉनचा ४० व क्लोरीनचा ३५ असे दोन अणू चिकटले तर त्या जोडीचेही ७५. तसेच सेलेनियमच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे ८०, आणि आर्गॉनच्या दोन अणूंच्या जोडीचेही ८०. ही तोतया जोडपी वगळण्याची सोय आधुनिक यंत्रांत असते, पण ती नीट वापरली गेली तरच आकडा विश्वासाचा ठरतो.

केसाची साक्ष किती मोलाची ठरू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण मला इराकचे वाटते. १९७१-७२ मध्ये तेथे पेरणीसाठी आलेले, पाऱ्याचे बुरशीनाशक चोळलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले आणि साडेसहा हजारांवर माणसे रुग्णालयांत दाखल झाली. तेथील रुग्णांच्या लांब केसांचे ओळीने छोटे तुकडे करून तपासले तेव्हा कोणत्या महिन्यात पारा पोटात गेला आणि तो केव्हा ओसरला, हे क्रमाने वाचता आले. आमच्याकडेही बियाण्याला औषध चोळून लाल-गुलाबी रंग दिलेला असतो आणि उरलेली बॅग घरात धान्याशेजारीच ठेवलेली असते, त्यामुळे हे वाचताना मी क्षणभर थांबले.

माझा रिपोर्ट काही आठवड्यांनी मोबाइलवर आला. हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे, वर पोषक खनिजे आणि खाली विषारी धातू. आकडे मिलिग्रॅम टक्क्यांत होते, म्हणजे १०० ग्रॅम केसांमागे इतके मिलिग्रॅम. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दुसरीकडून हीच तपासणी करून घेतली होती आणि त्यांचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांमागे इतके भाग असे, होते. माझे शिसे ०.२ आणि त्यांचे २ असे पाहून त्या हबकल्या होत्या. एक मिलिग्रॅम टक्का म्हणजे १० पीपीएम, तेव्हा आपल्या दोघींचे शिसे सारखेच आहे, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. तरीही त्यांच्या रिपोर्टात ते हिरव्या पट्ट्यात होते आणि माझ्या रिपोर्टात पिवळ्या. हिरवे कोठे संपते आणि पिवळे कोठे सुरू होते, ती रेघ प्रत्येक प्रयोगशाळा आपापली ओढत असते.

केंद्रातल्या सल्लागारांनी रिपोर्ट समोर ठेवून बराच वेळ समजावून सांगितले. माझे कॅल्शियम हिरव्या मर्यादेच्या तिपटीवर होते आणि मॅग्नेशियमही चढे होते, त्यावरून हाडांतले कॅल्शियम निसटून केसांत साचत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे गुणोत्तर, सोडियम आणि पोटॅशियम यांचे गुणोत्तर, यांवरून मी ‘मंद ऑक्सिडायझर’, म्हणजे अन्नातून ऊर्जा सावकाश तयार करणाऱ्या प्रकृतीची ठरले. थकव्याचे कारण तेच, असे ते म्हणाले. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्याचा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतला अहवाल ग्रामपंचायतीत लावलेला आहे. पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते असे भारतीय मानक सांगते, आणि आमचे पाणी त्या ६०० च्याही वर आहे. कठीणता म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच. ज्या पाण्याने मी वर्षानुवर्षे डोके धुते त्यातले कॅल्शियम केस बाहेरून शोषून घेतो, हे लक्षात घेतले की हाडांपर्यंत जायचे कारण उरत नाही. नमुना विरघळवण्याआधी तुमची प्रयोगशाळा तो धुते का, आणि धुतला तर कशाने, असे मी विचारले. काही प्रयोगशाळा केस मुळीच धूत नाहीत, काही ॲसिटोन वापरतात, काही डिटर्जंट, आणि धुण्याच्या पद्धतीवर सोडियम-पोटॅशियमचे आकडे पुष्कळच बदलतात. “विचारून सांगतो मॅडम,” असे ते म्हणाले.

फॉस्फरसचा पट्टाही थोडा वर होता. घरी कपाशी असल्याचे ऐकून त्यांनी तो थेट फवारणीशी जोडला, आणि सोबत आलेले यजमान एकदम सावरून बसले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आमच्याकडचा एकही शेतकरी विसरलेला नाही, त्यामुळे हा शब्द निघाला की सगळे कान टवकारतात. परंतु केस आम्लात विरघळवल्यावर प्रथिनांजवळचा, पेशींमधला आणि कुठलाही फॉस्फरस एकच होऊन जातो. तो मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकातून आला की डाळीतून, हे यंत्राला सांगता येत नाही. अशा फॉस्फरसयुक्त (ऑर्गॅनोफॉस्फेट) कीटकनाशकाचा शरीरावर परिणाम झाला आहे का, हे रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराच्या पातळीवरून पाहतात. यजमानांनी ते नाव माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले आणि खिशात ठेवले. ही चिठ्ठी त्या दिवशीच्या पैशांतली सर्वांत उपयोगी खरेदी ठरली असे ते म्हणतात.

यानंतर पुरवण्यांची यादी आली. तिची किंमत तपासणीच्या फीपेक्षा जास्त होती. धातू बाहेर काढणारी भुकटी, जस्ताच्या गोळ्या, आणि सेलेनियम ‘किंचित कमी’ आल्यामुळे सेलेनियमच्या कॅप्सूल. डबीवर एका कॅप्सूलमध्ये २०० मायक्रोग्रॅम असे छापलेले होते. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले आहे, आणि अमेरिकेत अन्न व पुरवण्या मिळून ४०० ही वरची मर्यादा धरतात. ती सतत ओलांडली गेली तर केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. शेगाव तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या द्रव्याच्या अतिरेकाने तिकडच्या लोकांचे केस गेल्याचा संशय आहे, तेच द्रव्य केस गळतात म्हणून मला दिले जात होते, आणि देणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. मी यादीतले काहीच घेतले नाही. सल्लागारांचा हेतू वाईट होता असे मला वाटले नाही. कंपनीने दिलेले छापील स्पष्टीकरण ते वाचून दाखवत होते, आणि पट्ट्याचा रंग आणि डबीचे नाव यांच्या मध्ये विचार करायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

२००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला होता. एका निरोगी व्यक्तीच्या केसांचा नमुना वाटून अमेरिकेतल्या सहा व्यापारी प्रयोगशाळांकडे पाठवला गेला, तेव्हा बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत दहा पटींहून अधिक अंतर निघाले, आणि आहाराचे सल्लेही एकमेकांशी जुळेनात. तेव्हापासून यंत्रे सुधारली असतील. पण पाऱ्याच्या किंवा आर्सेनिकच्या बाधेत एखाद्या गावाच्या केसांची एकत्र तपासणी करणे वेगळे, आणि एका थकलेल्या बाईच्या चिमूटभर केसांवरून तिची चयापचयाची प्रकृती ठरवणे वेगळे. पहिल्यात कोणत्या धातूचा शोध घ्यायचा ते आधी ठरलेले असते, तुलनेला बाधा न झालेली माणसे असतात, आणि रक्त-लघवीचे आकडे शेजारी ठेवलेले असतात.

राहिला प्रश्न पिवळ्या पट्ट्यातल्या शिशाचा. तो मला सोडवत नव्हता, म्हणून मी रिपोर्ट घेऊन खामगावातल्याच एका फिजिशियन बाईंकडे गेले. त्यांनी तो बाजूला न सारता शेवटपर्यंत वाचला. नागभस्म, रससिंदूर अशी धातूंची आयुर्वेदिक औषधे घेता का, घरी बॅटरीचे काम कोणी करते का, कुंकू कोणते वापरता, भांड्यांना कल्हई कोणाकडून करून घेता, असे त्या एकेक विचारत गेल्या. शिशासाठी केस नव्हे तर शिरेतले रक्तच तपासावे लागते, कारण हवेतली धूळ आणि सौंदर्यप्रसाधने यांतले शिसे केसाला बाहेरूनही लागते. मग त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखे दाबून पाहिली आणि पाळीविषयी विचारले. ती गेल्या वर्षा-दीड वर्षापासून फार जात होती, आणि ते मी आजवर कोणाला सांगण्यासारखे मानले नव्हते. रिपोर्टात लोहाचा पट्टा हिरवागार होता, तो मी त्यांना दाखवला. “असू द्या मॅडम हिरवा,” त्या म्हणाल्या, “पापणी पांढरीफटक आहे तुमची.”

रक्तातले शिसे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या बरेच खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या पातळीपासून स्रोत शोधून तो बंद करायला सांगितले आहे, ती हीच. थायरॉइड ठीक होते, बी-१२ काठावर होते. हिमोग्लोबिन ८.९ आणि फेरिटिन ६. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, आणि तो माझ्याकडे जवळजवळ संपला होता. केसांतले लोह त्या साठ्याविषयी काही सांगत नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ दिसली, तिच्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांचे औषध सुरू झाले. या पाचही रक्ततपासण्यांचा खर्च मिळून केसांच्या तपासणीच्या निम्माही नव्हता.

तीन महिने उलटल्यावर केंद्रातून पुनर्तपासणीसाठी फोन आला. केस धुण्याच्या पद्धतीविषयी प्रयोगशाळेकडून काही कळले का, असे मी विचारले. अजून उत्तर आलेले नाही, पण फॉर्ममध्ये बोअरच्या पाण्याची चौकट घालायचे सुचवले आहे, असे नमुना घेणारा तो मुलगा म्हणाला, आणि हे ऐकून मला खरोखरच बरे वाटले. पुनर्तपासणीला मी नकार दिला. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर सुरू आहेत. नवे बारीक केस कपाळाच्या कडेला दिसू लागले आहेत, पण गळणे अजून पुरते थांबलेले नाही, आणि त्याला वेळ लागतो हे डॉक्टरबाईंनी आधीच बजावले होते. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही साठा भरेपर्यंत आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या आहेत, आणि गोळीच्या व जेवणाच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही. शाळेच्या मधल्या सुटीत सगळ्यांचे कप भरले जात असताना एवढे पाळणे मला सर्वांत जड जाते.